एकशे चाळीस पावलं

पहिल्या दिवशी भागू काकीनं वाटेवर बांगडा माशांची आतडी टाकून ठेवली होती. मी उतारावरून धावत आले ती थेट त्यात, आणि घसरून बरोबर तिच्या दारासमोर बसकण मारली. काकी उंबऱ्यात उभीच होती. असं कुणी पडलं की माणूस हसतं. ती हसलीसुद्धा नाही.

"काय गो वैजू, बापाशीन धाडल्यान?"

"धाडूक कित्याक होया? आमची वाट असा, मी जातंय."

"तुमची वाट? शिरा पडो तुझ्या पायांर! बापाशीक सांग तुझ्या..."

मी उठले आणि धूम ठोकली. बापाला काय सांगायचं ते मागे राहिलं. खाली पुळणीच्या वाळूत पोचले, आमच्या होडीला हात लावला आणि त्याच वाटेनं परत फिरले. या खेपेला तिनं चुलीतल्या राखेचं पाणी अंगावर फेकलं. घरी पोचले तेव्हा बाबा घरापुढच्या खळ्यात जाळं शिवत बसले होते. मुलीच्या अंगाला माशांचा वास येतोय, केसांत राख आहे, गुडघा फुटलाय, यातलं काही त्यांना दिसलं नाही.

"जावन इलंस?"

"होय."

"जातानाय आणि येतानाय?"

"होय."

"बरां," ते म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. मी सतरा वर्षांची होते. सुरंगवेळ तेव्हा पर्यटकांचं गाव झालं नव्हतं, पण होणार होणार असं सगळे म्हणत होते, आणि ज्याच्याकडे चार चिरे होते तो खोली बांधायला निघाला होता. बाबांनीही घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्या. कमोड बसवला. अख्ख्या वाडीतला तो पहिला कमोड, लोक बघायला यायचे. पण खोल्यांचा सगळा भाव त्या वाटेवर होता. आमच्या घरापासून समुद्रापर्यंत एकशे चाळीस पावलं. ती वाट भागू काकीच्या घराभोवतीच्या परड्यातून, तिच्या दारासमोरून, अगदी तिच्या तुळशीला वळसा घालून खाली पुळणीवर जायची. पिढ्यानपिढ्या जायची. ती नसली तर आमच्या घरातून समुद्र नुसता ऐकू येणार, आणि समुद्र ऐकायला पैसे देऊन कोण येतंय?

भागू काकी म्हणजे बाबांचे चुलतभाऊ सहदेव, त्यांची बायको. सहदेव काका सहा वर्षांपूर्वी समुद्रात गेले. बाबा आणि ते एकाच होडीत होते. खाडीच्या तोंडाशी लाट आली, होडी उलटली, बाबा पोहत किनाऱ्याला लागले आणि काका लागले नाहीत. आमच्या घरात ती गोष्ट एवढीच सांगितली जायची, आणि तीही कुणी विचारलं तर. काकी एकटी राहायची. मूलबाळ नव्हतं. आमच्याशी तिचं बोलणं बंद होतं, पण आई डोक्यावर माशांची पाटी घेऊन त्या वाटेनं यायची-जायची तेव्हा ती कधी आडवी आली नाही. मलाही कधी अडवलं नव्हतं.

मग बाबांनी पाटी रंगवली. निळ्या पत्र्यावर पांढरा बाण आणि खाली "समुद्राकडे". ती त्यांनी मला काकीच्या बेड्याच्या, म्हणजे फाटकाच्या, खांबावर ठोकायला लावली. मी ठोकली. दुसऱ्या दिवशी पत्रा आमच्या खळ्यात येऊन पडला होता, चौघडी घातलेला, आणि वाटेच्या वरच्या तोंडाला दगडी गडगा घालायला सुरुवात झाली होती. काकी स्वतः दगड वाहत होती.

बाबा तालुक्याला पाटकर वकिलांकडे गेले. दावा दाखल झाला. पाटकरांनी एकच गोष्ट बजावून सांगितली: वहिवाट मोडता कामा नये. निकाल लागेपर्यंत तुमच्या घरातलं माणूस रोज त्या वाटेनं गेलंच पाहिजे, चार लोकांना दिसलं पाहिजे. एकदा का वाट बंद पडली की कोर्ट म्हणणार, यांना गरजच नाही.

आता जायचं कोणी? आई पाटी घेऊन गडगा ओलांडू शकत नव्हती. बाबांचा गुडघा दुखत होता. तो गेली सहा वर्षं दुखत होता. म्हणून ते होडीकडे सुद्धा वाटेनं जात नसत, सड्यावरच्या, डोंगरमाथ्याच्या रस्त्यानं सायकल मारत लांबून जात. दुखऱ्या गुडघ्यानं सड्याचा चढ सायकलवरून कसा चढतात, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण बापाच्या दुखण्यावर शंका घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती. राहिले मी.

मी चालत का गेले नाही? पहिल्या दोन दिवसांतच एक हिशोब मला कळला. चालत गेलं तर काकीच्या शिव्या पूर्ण ऐकाव्या लागतात, धावत गेलं तर अर्ध्या. तिची सुरुवात ठरलेली असायची. "शिरा पडो तुझ्या पायांर, बापाशीक सांग तुझ्या..." इथपर्यंत मी तुळशीपाशी असायची. पुढचं लाटांच्या आवाजात जायचं. शिवी ती शिवी, शेपूट ऐकून काय करायचंय?

काकीही काही कमी नव्हती. आतडी झाली, मग करवंदीची काटेरी शिरी आली, मग ओलं शेण. मग कुठूनसा एक लाल कुत्रा आणून बांधला. त्याला मी आठ दिवस सुके बोंबील घातले, नवव्या दिवशी तो माझ्याबरोबर पुळणीपर्यंत धावत आला. त्या संध्याकाळी काकीनं त्याला सोडून दिलं. गडगा मात्र ती रोज दोन-दोन दगडांनी वाढवत होती. गुडघ्याएवढा होता तो मांडीएवढा झाला, मांडीएवढा होता तो कमरेला लागला. मी रोज त्यावरून उडी मारत होते, त्यामुळे तो वाढला तशी माझी उडीही वाढली. माझ्या पायांत काय आहे ते तोपर्यंत मलाच ठाऊक नव्हतं. कॉलेजच्या स्पर्धेत मी चारशे मीटरला पहिली आले तेव्हा सरांनी विचारलं, "सराव कुठे करतेस?" मी म्हटलं, "काकीच्या परड्यात."

खोटं कशाला सांगू, मला मजा येऊ लागली होती. सकाळी उठलं की अंगात सुरसुर सुटायची. मी काकीचा मनापासून द्वेष करत होते आणि त्या द्वेषावर पळत होते. वाडीतले लोक कुंपणावरून बघायचे. कुणी म्हणायचं, "आज लवकर गेला गो चेडू." पाटकरांना साक्षीदार हवे होते ते असे आपोआप तयार होत होते.

चार महिन्यांनी, जानेवारीत, कोर्टानं जागेची पाहणी करायला कमिशनर नेमला. सामंत नावाचा एक तरुण वकील होता. पायांत बूट, बगलेत फाईल, हातात मोजायची टेप. ते पुळणीच्या बाजूनं येणार होते, कारण वाटेचं खालचं तोंड तिथं उघडं होतं. मी वाटेच्या वरच्या तोंडाशी थांबायचं, बाबांनी रुमाल हलवला की धावत खाली यायचं, असं ठरलं. बाबा पाटकरांना घेऊन रिक्षानं लांबून पुळणीवर गेले. आईनं त्यांना धुतलेला शर्ट दिला होता आणि हातात काठी दिली होती. काठी पाटकरांच्या सांगण्यावरून.

रुमाल हलला. मी निघाले. गडग्यावरून अशी उडी मारली की तशी मी पुढे कुठल्याच मैदानात मारली नाही. तुळशीचा वळसा घेतला. काकी दारात नव्हती, ती खाली कमिशनरसमोर पदर खोचून उभी होती. मी तिच्या शेजारून सुसाट गेले आणि होडीला हात लावला.

सामंतांनी घड्याळात बघितलं. "सव्वीस सेकंद," ते म्हणाले आणि हसले. "रोज अशी येतेस?"

"रोज. परतसुद्धा."

"एकही दिवस खाडा नाही?"

"नाही."

पाटकर वकिलांचा चेहरा उजळला. "लिहून घ्या साहेब, एकही दिवस खाडा नाही. वादी स्वतःही वापरतात. काय वामनराव?"

"रोज," बाबा काठीवर रेलून म्हणाले. "गुडघो दुखता, तरीपण रोज."

सामंतांनी तेही लिहिलं. मग ते काकीकडे वळले. "तुमचं काय म्हणणं आहे? मुलगी रोज येते-जाते, हे खरं का?"

"खरां," काकी म्हणाली. "चार म्हयने झाले. रोज येता."

पाटकर चकित झाले. प्रतिवादीनं असं कबूल करायचं नसतं.

"पण साहेब, ती धावता," काकी म्हणाली. "तुमी तुमच्या घराक जाताना धावतात? जेची वाट असता तो चलता. तोंडार वारो घेत, ह्या बघीत, ता बघीत चलता. चोर धावता. हेंची वाट असती तर ही चलली असती."

माझे कान तापले. चार महिने मी ज्याच्यावर मिरवत होते ते तिनं एका वाक्यात चोरी ठरवलं होतं. आणि वाईट म्हणजे सामंतांनी पेन उघडलं आणि ते जसंच्या तसं लिहायला घेतलं.

"आणि हो," काठीकडे बोट दाखवत काकी म्हणाली, "हो रोज येता म्हणता मां? मग आज रिक्षेन कित्याक इलो? चलान दाखवूक सांगा तेका. हयसून वर. माझ्या दारासमोरसून. चललो तर गडगो मी माझ्या हातान काढतंय."

बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या पायांकडेही नाही. "गुडघो..." ते म्हणाले.

"एवढा आग्रह नको," पाटकर मध्ये पडले. "माणूस आजारी आहे."

सामंतांनी टेप माझ्या हातात दिली. "तू चाल. टोक धरून वरपर्यंत जा. मला लांबीही मोजायची आहे. धावू नकोस."

काकी माझ्यापुढे तरातरा निघून गेली आणि आपल्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. मी टेपचं टोक धरून चालायला लागले. त्या वाटेनं एकटी, धीमेपणानं अशी मी कित्येक महिन्यांत चालले नव्हते. कडेला काकीनं अबोली लावली होती, ती मी पहिल्यांदा बघितली. तुळशीच्या वृंदावनाचा एक कोपरा फुटला होता. पुरुषमाणूस नसलेल्या घराला असतं तसं सगळं नीटनेटकं होतं आणि सगळीकडे काहीतरी दुरुस्त व्हायचं राहिलं होतं.

"काय गो, आज चलतंस?" काकीनं विचारलं.

"चलूक सांगितल्यानी."

"शिरा पडो तुझ्या पायांर," ती म्हणाली. आवाज रोजच्यासारखा चढला नव्हता, सवयीनं म्हणाल्यासारखी म्हणाली. "बापाशीक सांग तुझ्या, भात निवलो."

मी थांबले. मागे टेप ताणली गेली.

"कसलो भात?"

काकीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिच्या अंगावर राखेचं पाणी फेकलंय. "कसलो भात म्हणान माका इचारतंस? चार म्हयने रोज सांगतंय तुका, बापाशीक सांग, भात निवलो. सांगूक नाय तू?"

"माका ऐकाकच येय नाय. मी धावत असतंय."

"एकदाय सांगूक नाय?"

"नाय."

ती उंबऱ्यावर बसली. चार महिने ती समजत होती की निरोप रोज पोचतोय आणि बाबा तो रोज ऐकून गप्प बसतायत. दगड त्या रागानं चढत होते.

"तू ल्हान होतंस," ती म्हणाली. "त्या दिसाक दोघेय ह्या वाटेन खाली गेले. हे फुडे आणि तुझो बापूस मागे. सांजेक मी भात ठेवललंय. तुझो बापूस वर इलो. एकटो. आंगावरसून पाणी गळत होता. मी हयच, ह्या उंबऱ्यात. म्हटलंय, भावोजी, हे खंय? माझ्याकडे बघूक नाय तो. 'मागसून येता' म्हणालो आणि वर गेलो. दार लावन घेतल्यान."

खाली सामंत टेप हलवून विचारत होते, काय झालं?

"मागसून येता," काकी पुन्हा म्हणाली. "मी भात निवान नये म्हणान रातभर चुलीत लाकडां सारलंय. ह्या वाटेकडे बघीत. फाटफटीक पुळणीवरचे रापणकर सांगूक इले. तेंका सगळ्यांका म्हायत होता. रात्रीच म्हायत होता. माका वाटला, वामन भावोजींनी सांगितल्यानी तर खोटा कशाक असतला? बुडालो म्हणान सांगल्यान असतो तर मी रडलंय असतंय. पण तेवडी रात माझी तेनी नेल्यान. ती रात तेनी माका अजून परत दिल्यान नाय."

ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि एका क्षणात पुन्हा पहिल्यासारखी झाली. "जा आता. मोज तुझी वाट."

मी वर गेले नाही. टेप गुंडाळत खाली आले, चालतच. एकेक पाऊल मोजलं. पन्नासाव्या पावलाला मला बाबांची सायकल आठवली. साठाव्याला सड्याचा चढ. गुडघा! सहा वर्षं त्या माणसाला एक बाई ओलांडून जाता येत नव्हती म्हणून त्यानं गुडघा काढला होता, आणि तिच्यासमोरून धावायला मला सोडलं होतं. वर तिच्याच खांबावर बाण ठोकायला लावला होता, ज्या वाटेनं एकजण आला नाही त्याच वाटेनं पर्यटक जावेत म्हणून.

"मध्येच का थांबलीस?" सामंतांनी विचारलं.

"काकी बोलत होती."

"बरं. एक शेवटचं विचारतो. तुझे वडील या वाटेनं रोज जातात, असं त्यांनी सांगितलंय. तू पाहिलंस?"

पाटकर खाकरले. बाबा होडीकडे बघत होते. मला कळत होतं, एक "हो" म्हटलं की पुरे. चार महिन्यांचं पळणं, दोन खोल्या, आईची पाटी, सगळं त्या एका अक्षरावर होतं.

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"बाबा या वाटेनं येत नाहीत. सहा वर्षांपूर्वी सहदेव काका बुडाले, त्या संध्याकाळी वर आले. त्यानंतर एकदाही उतरले नाहीत."

"पोर ती, तिका काय म्हायत!" बाबा ओरडले. काठी वाळूत पडली आणि ते तिच्याशिवाय व्यवस्थित उभे होते. सामंतांनी तेही बघितलं.

"बाबा," मी म्हटलं, "काकीन निरोप दिल्यान हा. भात निवलो म्हणान सांग म्हणता."

मी हे खरेपणापायी केलं असं लोक पुढे म्हणाले. काहींनी कौतुक केलं, बहुतेकांनी नावं ठेवली. दोन्ही चूक. मला राग आला होता. चार महिने मी शूर आहे असं समजून धावत होते आणि मुळात मी एका भित्र्या माणसाच्या वतीनं पळत होते, याचा तो राग होता. काकीची दया वगैरे नंतर आली. तेव्हा फक्त समोर उभा असलेला तो माणूस मला दुखवायचा होता, आणि तो दुखावला गेला. त्यांचा चेहरा मी बघितला. सामंतांच्या बुटांजवळची काठी न उचलता ते रिक्षात जाऊन बसले आणि लांबच्या रस्त्यानं घरी गेले.

दावा आम्ही हरलो. गडगा राहिला. खोल्यांत एक उन्हाळा कुणीतरी कोल्हापूरचं कुटुंब येऊन राहिलं, समुद्र कुठे आहे म्हणून विचारत राहिलं, दुसऱ्या दिवशी गेलं. मग त्यात जाळी आणि बर्फाच्या पेट्या ठेवू लागलो. कमोडवर फळी टाकली.

बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. घरात मी समोर असले तरी आईला सांगायचे, "तिका सांग, दिवो मालव." आई सांगायची. मी दिवा मालवायची. असं दोन वर्षं.

पण पायांना सवय लागली होती, ती सुटेना. मी लांबच्या वाटेनं धावायला लागले. घरून पाणंदीनं शाळेपर्यंत, तिथून पाखाडीच्या पायऱ्या चढून सड्यावर, कातळावरून सरळ पलीकडे, मग खाजणाच्या बांधावरून, सुरूच्या बनातून खाली पुळणीवर आणि वाळूतून आमच्या होडीपर्यंत. एकशे चाळीस पावलांच्या जागी साडेचार किलोमीटर. बाबा तिथं जाळं झाडत असायचे. मी होडीला हात लावायची. ते मान वर करायचे नाहीत. मी परत फिरायची. याला भांडण म्हणतात का, मला माहीत नाही. पण एकही दिवस खाडा नव्हता.

त्या पळण्यानं मला पुढे बरंच दिलं. राज्यपातळी, मग क्रीडाशिक्षिकेची नोकरी. आता सुट्टीत पुण्याहून, बेळगावहून धावणारे लोक इथं येतात, त्यांना मी रूट आखून देते. हॉटेलांनी नकाशा छापलाय, त्यात तो साडेचार किलोमीटरचा रूट नंबर तीन आहे. कातळावरून सूर्योदय दिसतो म्हणून तो सगळ्यांना आवडतो. कुणीतरी हटकून नकाशावर बोट ठेवून विचारतं, "मॅडम, इथून सरळ खाली का जात नाही? समुद्र तर समोरच आहे." मी म्हणते, "तिथं वाट नाही."

बाबा दोन हजार बारा साली गेले, सकाळी, झोपेतच. शेवटची काही वर्षं बोलत होते माझ्याशी, कामापुरतं. त्या दिवसाबद्दल मात्र एक शब्द नाही. आमचं स्मशान पुळणीवर, सुरूच्या पलीकडे. तिरडी सड्यावरून लांबून न्यायची, खांदेकरी आळीपाळीनं बदलायचे, असं ठरत होतं. बायकांनी स्मशानात जायचं नाही म्हणतात. मी मडकं धरून पुढे उभी होते. कुणी अडवलं नाही. अडवलं असेल तर मी ऐकलं नाही.

तेवढ्यात दगड पडल्याचा आवाज आला. एक, मग दुसरा. सगळे बघायला लागले. भागू काकी गडगा काढत होती. साठी उलटलेली बाई, एकेक दगड दोन्ही हातांनी उचलून बाजूला टाकत होती. चौघे मदतीला धावले तसे तिनं हात झाडून त्यांना मागे सारलं. तिरडी जाईल एवढी फट झाली तेव्हा ती बाजूला झाली.

"हयसून न्हेवा," ती म्हणाली.

आम्ही उतरलो. घाई कुणीच केली नाही. अबोली होती, तुळस होती, वृंदावनाचा कोपरा अजून तसाच फुटका. काकी आमच्या आधी जाऊन आपल्या उंबऱ्यात उभी राहिली होती. तिरडी तिच्यासमोर आली तशी तिनं हात वर केला. खांदेकरी थांबले. तिनं बाबांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. एकवीस वर्षांनी तो माणूस तिच्या दारात थांबला होता.

"जावा भावोजी," ती म्हणाली. "हे फुडे आसत. काय ता तेंका सांगा."

मग तिनं हात खाली केला आणि आम्ही समुद्राकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावायला बाहेर पडले तेव्हा वाटेच्या तोंडाशी काकी वाकलेली दिसली. गडगा कमरेपर्यंत परत चढला होता. तिनं माझ्याकडे बघितलं, हातातला दगड जागेवर बसवला आणि पुढचा उचलायला वळली. मी पाणंदीनं शाळेच्या दिशेला लागले.